वळीवडेचे पोलिश विद्यार्थी आणि जवाहरनगरचे आपण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि "जवाहरनगरच्या आठवणी सोडून दुसऱ्या कशावरही बोल" अशी तंबीही दिली आहे, कारण आठवणींवर आधीच अकरा जण बोलणार आहेत. म्हणून मी आज तुम्हाला कोल्हापूरजवळच्या एका गावाची गोष्ट सांगणार आहे. हे गाव पाचच वर्षं टिकलं. त्यातली माणसं पोलंडची होती. शेवटी मी जवाहरनगरवर येणारच आहे, तेव्हा संयोजकांनी माफ करावं.

माझी बँकेतली नोकरी बदलीची. शेवटच्या काही वर्षांत कोल्हापूरला बदली झाली. कोल्हापूरला लागूनच गांधीनगर आहे. कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ, बहुतेक व्यापारी सिंधी. कर्जाच्या फायलींसाठी मला तिथे वारंवार जावं लागे. एकदा एका वयस्कर व्यापाऱ्याला मी सहज विचारलं, "शेठजी, तुमची मंडळी सिंधमधून थेट इथेच कशी आली?" ते म्हणाले, "मॅडम, यहाँ पहले पोलंडवालों का कॅम्प था. वो गए, तो हमको बसाया. मेरे पिताजी कहते थे, हमको घर भी किसी और का छोड़ा हुआ मिला."

मी चकित झाले. शाळेत आपण दुसरं महायुद्ध शिकलो. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, हे इतिहासाच्या तासाला पाठ केलं. पण त्या युद्धाची एक वाट मिरज-कोल्हापूर रेल्वेवरच्या वळीवडे स्टेशनापर्यंत आली होती, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले, विचारत गेले. त्यातलं थोडं आज सांगते.

१ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून आत आला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आल्या. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या कुटुंबांना घरातून उठवून मालगाडीच्या डब्यांत भरलं आणि सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलं. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिकांच्या बायका, लेकरं, म्हातारीकोतारी, सगळेच. थंडी, उपासमार आणि रोगराईने खूप माणसं गेली. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच चाल केली आणि सगळं चित्र पालटलं. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा आणि मॉस्कोचा करार झाला. पोलिश कैद्यांना सोडायचं ठरलं. जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं आणि १९४२ मध्ये सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली.

सैनिक पुढे लढायला जाणार होते. बायका-मुलांनी जायचं कुठे? पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, असे ठिकठिकाणी आसरे शोधले गेले. त्यातला एक आपला देश. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारू दिली, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथे बहुतेक अनाथ मुलं होती. कोल्हापूर संस्थानातली वळीवडेची छावणी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, कुटुंबांसाठीची. १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास तिथे माणसं यायला लागली आणि बघता बघता सुमारे पाच हजारांची वस्ती झाली. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी लहान बाळ होतं आणि कारभार राजमाता व मंडळाकडे होता. छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. जमीन, पाणी आणि शेजार कोल्हापूरचा.

पाच हजार माणसं म्हणजे किती? आपल्या टाऊनशिपचे सगळे सेक्टर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. लांबच लांब बराकी, कौलारू छपरं, प्रत्येक कुटुंबाला खोल्या. पंचगंगा जवळच. बराकींपुढे बायकांनी फुलांचे ताटवे लावले. चर्च होतं, दवाखाना होता, दुकानं होती, नाटकं आणि सिनेमे दाखवायची सोय होती. पोरांचे स्काउटचे गट होते. कोल्हापूरचे भाजीवाले, दूधवाले छावणीत यायचे आणि कामापुरतं पोलिश शिकायचे. पोलिश मुलं मराठी आकडे शिकली.

आणि शाळा होत्या. हे मी शिक्षकांसमोर मुद्दाम सांगते आहे. सायबेरियात दोन-दोन वर्षं ज्या मुलांनी पाटी पाहिली नव्हती, त्यांच्यासाठी त्या लोकांनी आल्याबरोबर शाळा उभ्या केल्या. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हातकामाचं शिक्षण. पुस्तकांचा तुटवडा, शिक्षकांचा तुटवडा. तरी पोलिश भाषा, पोलंडचा इतिहास, गणित, लॅटिन, सगळं शिकवलं. युद्ध संपलं की आपण परत जाणार आणि तेव्हा ही मुलं मागे पडलेली असता कामा नयेत, असा त्यामागे विचार होता. मुलांचे वडील तेव्हा इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा डोंगर पोलिश सैन्याने जिंकला, तेव्हा वळीवडेच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस तिथे होता. त्याच इटलीत आपली मराठा पलटणही लढत होती. रायगड जिल्ह्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये तिथेच वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे पोलंडची बायकापोरं कोल्हापुरात आणि कोल्हापूर, सातारा, कोकणातले जवान पोलिश सैनिकांच्या बरोबरीने इटलीत, असा तो काळ.

युद्ध संपलं, पण परत जायला घर उरलं नाही. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला आणि उरलेल्या पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. मग पांगापांग झाली. ज्यांचे वडील किंवा नवरे आंदर्सच्या सैन्यात होते, ती कुटुंबं इंग्लंडला गेली. काही ऑस्ट्रेलियाला, काही कॅनडा-अमेरिकेला, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पोलंडला परत. १९४८ पर्यंत वळीवडे रिकामं झालं. आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथे आली. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्या निर्वासिताने चूल मांडली. तेच आजचं गांधीनगर.

इथवरची गोष्ट दुःखाची आहे. आता पुढची ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे.

माझी मुलगी लंडनला असते. तिच्याकडे गेले असताना मी हट्टाने हॅमरस्मिथ भागातल्या किंग स्ट्रीटवर गेले. तिथे पोलिश लोकांचं सामाजिक आणि सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या पोलिश नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'पोस्क' म्हणतात. १९७४ मध्ये ते उघडलं. युद्धानंतर इंग्लंडात राहिलेल्या पोलिश लोकांनी वर्गणी काढून ते बांधलं. सरकारी राजवाडा नाही की श्रीमंताची देणगी नाही. कारखान्यात, बांधकामावर, हॉटेलात काम करणाऱ्यांनी दिलेले पैसे. आत नाट्यगृह आहे, चित्रदालन आहे, खाणावळ आहे, तळघरात जॅझ संगीताचे कार्यक्रम होतात. आणि एक मोठं पोलिश ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयाची सुरुवात १९४२ मध्ये, युद्ध चालू असतानाच झाली होती.

त्या इमारतीतली सभागृहं भाड्यानेही मिळतात. लग्न असो, परिषद असो, वाढदिवस असो. मला आधी हे जरा खटकलं. ज्यांनी देश गमावला त्यांचं हे स्मारक, आणि तिथे कुणाच्याही वाढदिवसाचा केक कापायचा? मुलगी म्हणाली, "आई, इमारतीचा खर्च कोण देणार? वर्गणी देणारे म्हातारे होतात, जातात. त्यांच्या नातवंडांना पोलिश धड बोलता येत नाही. हॉल चालू राहिला तर ग्रंथालय चालू राहील."

मग मला मुंबई-पुण्यातली आपली जुनी कार्यालयं आठवली. लंडनमध्येच महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ मध्ये स्थापन झालेलं. डॉलिस हिल भागात त्यांची स्वतःची वास्तू आहे. गणपती, दिवाळी, नाटक, बारसं, सगळं तिथे होतं. मंडळाची वास्तू टिकते ती लोक तिथे येत राहतात म्हणून. कुलूप लावून ठेवलेल्या वास्तूला आधी पाणी गळतं आणि मग वाळवी लागते. हे आपल्याकडच्या समाजमंदिरांचं आपण पाहतोच.

पोस्कची आणखी एक गोष्ट. जून २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर मतदान झालं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच कुणीतरी रातोरात पोस्कच्या दारावर द्वेषाचा मजकूर रंगवून गेलं. दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूचे इंग्रज शेजारी फुलं आणि पत्रं घेऊन दाराशी येऊ लागले. लोक त्या दारातून आधी आत गेलेले होते, तिथे जेवले होते, गाणी ऐकली होती. म्हणून त्यांना ते दार आपलं वाटलं. भाड्याच्या हॉलबद्दलचा माझा आक्षेप हे वाचल्यावर संपला.

आता वळीवडेच्या मुलांकडे परत येते. ती मुलं जगभर विखुरली. म्हातारपण जवळ आलं तेव्हा त्यांनी एकमेकांना शोधायला सुरुवात केली. त्यांनी एक मंडळ काढलं, नाव अगदी साधं, 'भारतातील पोलिश मंडळी, १९४२-४८' अशा अर्थाचं. पत्रकं काढली, पत्ते जमवले, मेळावे भरवले. आज आपण जे करतो आहोत तेच. फरक एवढाच की आपण नागपूर, पुणे, भिलाई, बंगळूरूहून आलो आणि ती मंडळी वेगवेगळ्या खंडांतून येत होती.

पण ती मेळाव्यात जेवून, फोटो काढून थांबली नाहीत. त्यांनी आपापल्या आठवणी लिहून काढल्या. ज्याच्याकडे शाळेचं प्रगतिपुस्तक होतं त्याने ते दिलं, ज्याच्याकडे आईचं पत्र होतं त्याने ते दिलं. छावणीचे नकाशे, याद्या, छायाचित्रं. त्यातून एक जाडजूड ग्रंथ तयार झाला. तो पोलिशमध्ये निघाला आणि नंतर इंग्रजीतही आला. वळीवडेवर आज कुणी संशोधन करतं, माहितीपट काढतं, तेव्हा त्या म्हाताऱ्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या या साहित्याकडे त्याला जावंच लागतं. सरकारी दफ्तरात बराकींची संख्या सापडते. कुठल्या बराकीत कोण बाई मुलांना गाणी शिकवायच्या, हे दफ्तरात नसतं.

१९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश मंडळींच्या स्मरणाचा स्तंभ उभा राहिला. कोल्हापुरातल्या त्यांच्या दफनभूमीची डागडुजी होऊन ती २०१४ मध्ये पुन्हा नीट झाली. तिथे ते लोक आहेत ज्यांना पुढचा प्रवास करता आला नाही. २०१७ मध्ये पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाची स्मृतिशिला लागली. २०१९ मध्ये वळीवडेला मोठा कार्यक्रम झाला आणि परदेशातून वयोवृद्ध मंडळी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा त्यांनी जामसाहेबांच्या स्मारकाबरोबर कोल्हापूरच्या स्मृतिस्थळीही फुलं वाहिली. पंचगंगेच्या काठावरच्या गावाचं नाव वॉर्सातल्या दगडावर आहे, हे काम शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या चिकाटीतून सुरू झालं.

मित्रांनो, आपली आणि त्यांची तुलना मी करणार नाही. त्यांना बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढलं. आपले वडील सरकारी नोकरीचं पत्र खिशात घालून इथे आले. आपल्याला उपासमार माहीत नाही. पण एका बाबतीत आपण त्यांच्यासारखे आहोत. आपलं गाव आपल्या मालकीचं नव्हतं. कारखान्यासाठी वसलेलं गाव, क्वार्टर सरकारचं. माझे वडील निवृत्त झाले तेव्हा आईने भिंती धुतल्या, अंगणातली तुळस कुंडीत काढली आणि किल्ली जमा केली. तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरी हे झालं आहे. आमच्या वर्गात मल्याळी होते, बंगाली होते, तेलुगू होते, जबलपूरचे होते, शहापूरहून सायकलने येणारे होते. वडील निवृत्त झाले की मित्र एका उन्हाळ्यात नाहीसा व्हायचा. पत्ता कुणाकडेच नसायचा.

"तुझं गाव कोणतं?" या प्रश्नाला मी अजूनही अडखळते. सातबारा वर्धा जिल्ह्यातला, नोकरी गावोगावची, घर आता नागपूरला. पण मला लिहायला-वाचायला जिथे आलं, सायकल जिथे आली, पहिलं भाषण करताना पाय जिथे लटपटले, ते गाव हेच. याला कागद नाही. याला साक्षीदार आहेत, आणि ते सगळे आज या सभागृहात बसले आहेत.

आता मुद्द्याचं. आपल्या गटात गेले तीन महिने चर्चा चालली आहे की जमलेल्या निधीचं काय करायचं. बहुतेकांचं मत आहे की शाळेला कमान बांधून द्यावी आणि तिच्यावर बॅचचं नाव कोरावं. कमानीला माझा विरोध नाही. कमान दिसते, फोटोत येते, आणि शाळेलाही काहीतरी मिळतं. पण कमानीवर एक ओळ मावते. आणि टाऊनशिपचं पुढे काय होईल हे आपल्या हातात नाही. आज फिरताना मी कितीतरी क्वार्टर्स बंद पाहिली. लोक आता नागपूर-भंडाऱ्याला स्वतःची घरं बांधून ये-जा करतात. त्यात वाईट काही नाही, पण गाव बदलतं आहे.

म्हणून माझी विनंती अशी की निधीतला निम्मा भाग तीन कामांसाठी ठेवावा.

पहिलं काम, यादी. शाळा सुरू झाली तेव्हापासूनच्या सगळ्या विद्यार्थ्यांची, शिक्षकांची, आणि शिपाईकाका, प्रयोगशाळेतले काका, शाळेत झाडू मारणाऱ्या मावशी यांचीसुद्धा. नाव, कुठल्या वर्षी, कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये, आता कुठे. शाळेची परवानगी घेऊन, जुन्या हजेरीपटांवरून हे करता येईल. ज्यांना आपलं नाव नको असेल त्यांचं घालायचं नाही.

दुसरं काम, ऐकून घेणं. आपले जे शिक्षक आज आले आहेत त्यातले चार जण ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येकाकडे दोघांनी जायचं, फोनवर रेकॉर्डिंग करायचं, आणि घरी येऊन ते लिहून काढायचं. रेकॉर्डिंग करून फोनमध्येच ठेवलं तर पुढच्या फोनबरोबर ते जाईल. लिहून काढलेलं टिकतं. वळीवडेच्या मंडळींनी हे काम साठी-सत्तरीत केलं. तोवर त्यांचे बहुतेक शिक्षक गेलेले होते. आपल्याकडे शिक्षक अजून आहेत, म्हणून घाई करायची.

तिसरं काम, हॉल. टाऊनशिपमधल्या ज्या हॉलमध्ये आपली गॅदरिंग झाली, गणपतीतली नाटकं झाली, कितीतरी ताया-दादांची लग्नं लागली, तिथे वर्षातून एकदा तरी आपला कार्यक्रम व्हावा. रीतसर परवानगी घेऊन, भाडं भरून. आणि तो फक्त आपल्यापुरता नसावा. आज इथे राहणाऱ्या कामगारांची मुलं, आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं त्यात असावीत. त्यांनी नाटक करावं आणि आपण प्रेक्षकांत बसावं. नाहीतर दहा वर्षांनी आपण इथे आलो तर गेटवर कुणी ओळखणार नाही आणि त्यात चूकही कुणाची नसेल. पोस्कच्या दारावर फुलं घेऊन आलेले शेजारी माझ्या मनातून जात नाहीत. शेजारी असे एका दिवसात तयार होत नाहीत.

कुणी म्हणेल, आपण काय मोठे, आपला इतिहास कोण वाचणार? वळीवडेच्या पोरांनाही कुणी मोठं म्हणत नव्हतं. ती निर्वासितांची मुलं होती. वाचणारे नंतर आले. आधी त्यांनी लिहून ठेवलं.

माझी वीस मिनिटं संपत आली. दाराशेजारच्या टेबलावर मी तीन वह्या ठेवल्या आहेत, प्रत्येक कामाची एक. जेवायला जाण्याआधी ज्याला जे जमेल त्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहा. दुसऱ्या वहीत चारही सरांची-बाईंची नावं मी आधीच लिहिली आहेत, त्यांच्यापुढे दोन-दोन ओळी मोकळ्या आहेत. गणिताच्या बाईंकडे मी जाणार आहे, सोबतीला एकजण हवा. बाई, तुम्ही आता नाही म्हणू नका, मी तारीख विचारूनच इथून हलणार आहे.